'नको'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

वैजनाथ सरांच्या निवासी अकॅडमीत मराठी बोलायला बंदी होती. लातूरच्या बाहेर बार्शी रोडला, चहूबाजूंनी सोयाबीनची रानं, आणि मधल्या तीन मजली इमारतीत शे-सव्वाशे माणसं सकाळी उठून एकमेकांना 'हाऊ आर यू' विचारत फिरायची. रात्रभर एकाच खोलीत घोरलेली माणसं! कुत्रं हाकलायचं तेही इंग्रजीत. कुत्रं मात्र लातूरचंच असल्यामुळे जागचं हलायचं नाही.

तोंडातून मराठी शब्द निसटला की गळ्यात पाटी पडे. ती उतरवायची एकच युक्ती होती. दुसऱ्या कुणाला तरी मराठी बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर, जिन्यात, न्हाणीघराच्या दाराशी, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेला. सहा महिन्यांत माणसं इंग्रजी किती शिकत कोण जाणे, गप्प बसायला मात्र पक्की शिकत.

या बंदीत एकच फट ठेवलेली होती, आणि त्या फटीत लुंबिनी बसे. तळमजल्यावर ऑफिसला लागून एसटीच्या रिझर्वेशनसारखी जाळीची खिडकी होती. वर 'डाउट विंडो' असा बोर्ड. तिथं मराठी चालायचं, पण फक्त इंग्रजीबद्दल विचारायला. वाक्याच्या शेवटी 'ला इंग्रजीत काय म्हणायचं' एवढं जोडलं की ते मराठी माफ. जाळीच्या वरच कॅमेरा होता, आवाज पकडणारा, आणि सर आपल्या केबिनमध्ये बसून मोबाइलवर सगळं ऐकत.

सुरुवातीला लोक सरळ विचारत. 'सिन्स' कधी आणि 'फॉर' कधी? 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' का चुकतं, भाऊ तर दोन आहेतच की! 'बॉरो' म्हणजे देणं की घेणं? लुंबिनी न कंटाळता सांगे. 'डिस्कस अबाउट' म्हणू नका, नुसतं 'डिस्कस' म्हणा, हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेत कुणी उठवलं तरी आधी तेच म्हणाली असती. पण आठवडा उलटला की नव्या माणसांना या खिडकीचा खरा उपयोग कळे. मग रांगेतला एक जण विचारी, "मॅडम, 'माझा टॉवेल कोण वापरून राहिलंय' ला काय म्हणायचं?" आणि त्याच्या मागचा गोरामोरा होऊन म्हणे, "मॅडम, 'मी न्हाई, उगं आळ घेऊ नको' ला काय म्हणायचं?" कुणी डाळ आंबल्याचं विचारी, कुणी पोटात मुरडा आल्याचं. एका पोलीस शिपायानं तर सासऱ्याला घालायची शिवी विचारली होती. लुंबिनीनं ती गंभीर चेहऱ्यानं, चारचौघांत बोलता येईल अशी करून दिली.

लोकांना ही खिडकी तरी होती. लुंबिनीचं काय? ती मुदखेडची. वडील आनंदराज रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झालेले. ती स्वतः इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. दोन वर्षांपूर्वी इथं लागली तेव्हा सरांनी तिचे सगळे ओरिजिनल कागद मागून घेतले. दहावीच्या सनदेपासून जातवैधतेपर्यंत सगळे. शिक्षकानं मध्येच दुसरा क्लास धरू नये म्हणून ही रीत, आणि ती पाळणारे सर काही एकटे नव्हते. वर राहायला खोली दिली, मुलींच्या मजल्याची देखरेखही तिच्याकडे दिली. म्हणजे नोकरीही तिथंच, घरही तिथंच. बंदी शिक्षकांनाही होती. बापाशी मराठीत दोन शब्द बोलायचे तर फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागे. तिथं ट्रकच्या धुरळ्यात उभी राहून ती 'जयभीम बाबा' म्हणे, तेवढंच काय ते तिचं स्वतःचं बोलणं.

त्या महिन्यात शिक्षक भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं. नांदेड जिल्हा परिषदेची शाळा. सोमवारी सकाळी नांदेडला कागदपत्रांची पडताळणी, ओरिजिनल दाखवा नाहीतर नाव कटलं. आनंदराजांनी फोनवर आधी आनंदानं रडून घेतलं, मग विचारलं, "कागदं हातात आली का?"

"देतो म्हणालेत."

"देतो म्हणणारा देत नसतो, लेकी. मी येऊ का?"

"नका येऊ बाबा. मी बघते."

बघते म्हणाली खरी, पण बघण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं. वैजनाथ सर कधी नाही म्हणत नसत, हीच तर पंचाईत होती. ओरडले असते, हाकलून दिलं असतं, तर भांडता आलं असतं. ते चहा मागवत.

"देतो की ताई. मी काय तुमची कागदं भाजून खाणार हाय का?" सरांना स्वतःला बंदी नव्हती, आणि त्यांच्या केबिनमध्ये समोरच्यालाही नव्हती. "उलट मला अभिमान हाय. रविवारी आपला पालक मेळावा. त्याच स्टेजवर तुमचा सत्कार करतो, शाल, नारळ, अन् फाइल तुमच्या हातात. लोकांनी बघावं की आमच्या मॅडम सरकारी झाल्या. फक्त एक करा. त्या सिंधुचं भाषण झ्याक झालं पाहिजे."

सिंधु ही कंधारकडची. बाप चंद्रप्पा शेतकरी, घरचं बऱ्यापैकी. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बेंगळुरूच्या कंपनीत, वर्षभरात परदेशी जाणार. त्याच्याकडच्यांची अट एकच, मुलीला इंग्रजी बोलता आलं पाहिजे. मुलाचे मामा ईश्वरप्पा नांदेडचे. त्यांचं तिथं मोक्याच्या जागी कॉम्प्लेक्स होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर सरांना नवी शाखा काढायची होती. रविवारी मामा आणि मुलाची आई, दोघंही मेळाव्याला येणार होते. भाषण चांगलं झालं तर मामा खूश, मामा खूश तर मजला मिळाला. तो मिळाला तर लुंबिनीची फाइल मिळाली. सरांनी हे तोंडानं म्हटलं नाही, बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

सिंधु शिकण्यात सगळ्यांच्या पुढं होती. इतर पोरी पाटीच्या धाकानं शिकत, ही दात-ओठ खाऊन शिके. पहाटे उठून पाठ करी, जेवताना पुटपुटे. दर रविवारी ऑफिसातून घरी पाच मिनिटांचा फोन असे, स्पीकरवर, आणि मुलांनी बोलायचं ते इंग्रजीतच, म्हणजे पालकांना प्रगती कळते. चंद्रप्पांना त्यातलं अक्षर कळत नसे. पण कीर्तनाला बसल्यासारखे ते ऐकत आणि मध्ये मध्ये म्हणत, "बोल माय, बोल. थांबू नको." एकेका वेळी ती बोलता बोलता रडे. तिकडून आवाज येई, "वा!"

मेळाव्याला आठवडा उरला असताना ती खिडकीवर आली. मागं कुणी नव्हतं.

"मॅडम, 'शी विल डू' म्हणजे काय?"

"कशात आलंय हे?"

"बघायला आले होते तवा त्यो मुलगा त्याच्या मामाला म्हणाला. मला तवा कळलं न्हाई. आवाज ध्यानात राहिला."

लुंबिनीनं पेन खाली ठेवलं. "चालेल, असा अर्थ."

"म्हणजे आवडली असं न्हाई?"

"नाही. भागेल. काम भागेल, असं."

सिंधुनं मान हलवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. 'वेडिंग' आणि 'मॅरेज' यात फरक काय, विचारलं. लुंबिनीनं सांगितलं की वेडिंग एका दिवसाचं असतं, मांडवातलं. मॅरेज म्हणजे त्याच्या पुढचं सगळं, जन्मभराचं.

"मग 'नको' ला काय म्हणायचं?"

"कशाला नको?"

"नुसतं नको, मॅडम. एका शब्दात."

हा प्रश्न लुंबिनीला आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं विचार केला. 'नो' म्हणजे नाही. नाही वेगळं, नको वेगळं. "एका शब्दात नाही गं," ती म्हणाली. "पूर्ण वाक्य करावं लागतं. कोणाला नको, काय नको, सगळं सांगावं लागतं."

"मग पूर्ण सांगा. 'मला या माणसाशी लग्न करायचं न्हाई' ला इंग्रजीत काय म्हणायचं?"

वरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका तिला डोक्यावर तापल्यासारखा वाटला. पोरगी हे वाक्य कशासाठी विचारतेय हे कळायला एम.ए. लागत नव्हतं. रविवारी स्टेज, हातात माईक, समोर बाप, सासू, मामा. आणि सोमवारी नांदेड. "हे तुझ्या भाषणात येत नाही," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "जा, भाषण पाठ कर." सिंधुनं जाळीवरचे हात काढले. मग गेली.

त्या दिवशी लुंबिनीला जेवण गेलं नाही. ती स्वतःलाच समजावत राहिली. एवढी मोठी पोरगी आहे, बापाला मराठीत सांगता येत नाही का? इथून सुटली की घरी जाऊन सांगेल. बापाला ठाऊक नसेल, कळलं तर थांबवेल, बाप चांगला दिसतो. मला माझी कागदं घेऊ दे. अशी वाक्यं एकापुढं एक मांडत ती जिना चढली, आणि वर पोचेपर्यंत तिला स्वतःचीच शिसारी आली. आपल्याला फाइलीत बांधून ठेवलंय आणि आपण दुसरीला भाषणात बांधतोय. फरक काय राहिला वैजनाथ सरांत आणि आपल्यात? ते निदान चहा तरी पाजतात.

शुक्रवारी ती फाइल मागायला पुन्हा केबिनमध्ये गेली. सरांनी पुन्हा चहा मागवला. मोबाइल टेबलावर होता, त्यावर रिकामी खिडकी दिसत होती.

"सिंधु लई डाउट विचारते म्हणं," सर हसून म्हणाले.

"हो. हुशार आहे."

"हुशारांना आवरावं लागतंय, ताई. तुमी आवरलं, बरं केलं."

बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते. ती सरळ खिडकीत जाऊन बसली. सिंधु रांगेत होती, तिसरी. तिची पाळी आली तेव्हा तिनं काही विचारलंच नाही, नुसती बघत उभी राहिली. लुंबिनीनं एकदा वरच्या ठिपक्याकडं बघितलं आणि म्हणाली, "परवाचा तुझा डाउट राहिला होता. डाउट ठेवायचा नसतो. म्हण माझ्यामागं. आय डू नॉट वाँट टू मॅरी दॅट मॅन."

सिंधु हळू आवाजात म्हणाली. पहिल्यांदा 'टू' विसरली. दुसऱ्यांदा बरोबर आलं. लुंबिनीनं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, मोठ्यानं. नंतर दिवसभर ती केबिनमधून बोलावणं येण्याची वाट बघत राहिली. आलं नाही. सरांनी ऐकलं नसेल असं तिनं मनाशी धरलं, कारण तसं धरण्यावाचून इलाज नव्हता.

रविवारी समोरच्या पटांगणात मांडव पडला. पालक कंधार, लोहा, औसा, निलंग्याहून आलेले. पुढं सोफ्यावर ईश्वरप्पा आणि मुलाची आई. चंद्रप्पा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. मेळाव्याची एक पद्धत ठरलेली होती. पालकांना इंग्रजी कळत नसल्यामुळे टाळ्या कुठं वाजवायच्या हे त्यांना कळत नसे. म्हणून सर कडेला उभे राहून आधी टाळी वाजवत, मग सगळा मांडव वाजवी. पोरं एकेक करून आली, 'रिस्पेक्टेड' म्हणाली, हात हलवले, टाळ्या घेऊन गेली. एका आईनं तर पोराच्या अंगावरून मीठ उतरवलं.

सिंधुचं भाषण 'माय ड्रीम' या विषयावर होतं. लुंबिनीनंच लिहून दिलेलं, गुळगुळीत. ती कुठंही अडखळली नाही. शेवटी 'थँक यू' म्हणायचं होतं. तिथं ती थांबली आणि तिनं बापाकडं बघितलं.

"माय फादर इज हिअर," ती म्हणाली. "आय डू नॉट वाँट टू मॅरी दॅट मॅन. प्लीज, फादर. डू नॉट गिव्ह मी टू देम."

स्वच्छ आवाज, एकेक शब्द सुटा. लुंबिनी स्टेजच्या पायरीशी उभी होती. तिनं सरांकडं बघितलं. सरांना सगळं कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. आणि सरांनी टाळी वाजवली. जोरात, हात डोक्यावर नेऊन. मागोमाग सगळा मांडव कडाडला. ईश्वरप्पांनी वाजवली, मुलाच्या आईनं वाजवली. चंद्रप्पा तर उभे राहिले, उपरण्यानं डोळे पुसत, आणि वाजवतच राहिले. त्या आवाजात सिंधुनं ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही.

"वंडरफुल!" सर माईक घेऊन म्हणाले. लगेच त्यांनी लुंबिनीला वर बोलावलं, शाल पांघरली आणि टेबलावरची फाइल उचलली. जाड, निळी, दोन वर्षं न बघितलेली. चंद्रप्पाही एव्हाना स्टेजवर चढले होते. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून ते लुंबिनीपुढं आले आणि हात जोडले.

"बाई, तुमचे लई उपकार. आमाला अडाण्याला काय कळतंय! शेवटाला माझ्याकडं बघून काय तरी म्हणाली बगा. काय म्हणाली? जरा आपल्या भाषेत सांगता का?"

मांडव पुढं झुकला. सगळ्यांनाच ऐकायचं होतं. सर फाइल हातात धरून हसत उभे होते. "सांगा की, मॅडम," ते म्हणाले. फाइल त्यांनी पुढं केली नाही, मागंही घेतली नाही.

लुंबिनीला त्या क्षणी आपला बाप दिसला, मुदखेडच्या घरात फोन हातात घेऊन बसलेला. सांगू नये, असं तिला फार वाटलं. 'वडिलांचे आभार मानले' एवढं म्हटलं की झालं, चार शब्दांचं काम. कोणाला पत्ता लागणार नव्हता. पण सिंधु तिच्याकडं बघत होती. लुंबिनी बोलली तेव्हा तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"ती म्हणाली, मला त्या माणसाशी लग्न करायचं नाही. अप्पा, मला त्यांच्या घरी देऊ नका."

संपलं, तिच्या मनात आलं. गेली फाइल, गेलं नांदेड. तिला भीती वाटली आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदमच. आता बाप ऐकेल. आता तरी.

चंद्रप्पांचा चेहरा तसूभरही बदलला नाही.

"हाव की, बाई," ते म्हणाले. "ते तर ती घरी बी म्हणतच होती. सुपारी फुटायच्या आदीपासून म्हणून राहिली. मी म्हणलं, असं अजून काय नवीन बोलली का काय." मग ते सोफ्याकडं वळले, अभिमानानं फुलून. "पण म्हणली कशी, बघितलं का पाव्हणं? एका दमात! कुठं अडली न्हाई."

ईश्वरप्पा मान मागं टाकून हसले. "पोरगी धीट हाय. तिकडं परदेशात अशीच लागतीय." मुलाची आईही पदराआड हसली. आणि मग मांडवानं पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी सरांनी सुरू न करताच.

सर सगळ्यात मोठ्यानं हसत होते. त्यांनी फाइल लुंबिनीच्या हातात ठेवली, वर नारळ ठेवला. "घ्या ताई. मी शब्द पाळणारा माणूस हाय," ते हळूच म्हणाले. "उगंच घाबरलात." फोटोवाल्यानं दोघांना जवळ यायला सांगितलं. लुंबिनी जवळ सरकली. दहावीपासूनचे सगळे कागद तिच्या छातीशी होते. उद्या ती सुटणार होती, आणि सुटण्याची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगून कुणाचंच काही बिघडलं नव्हतं.

मुलाची आई स्टेजवर येऊन सिंधुची ओटी भरत होती. सिंधु पदर पसरून उभी होती. लुंबिनी तिच्यापाशी गेली. "मला वाटलं गं, त्यांना माहीत नाही. मला वाटलं, मराठीत सांगितलं तर..."

सिंधुनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मराठीत सांगून झालं होतं, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून तर इंग्रजी शिकले."